पीडीएफला कुलूप लावणारा माणूस: रॉबर्ट मॅक्सवेल

कॉलेजचा प्रोजेक्ट करताना हे तुमच्याही बाबतीत झालं असेल. गुगलवर विषय टाकला, हवा तोच रिसर्च पेपर सापडला, लिंक उघडली, आणि समोर फक्त सात-आठ ओळींचा सारांश. खाली एक बटण. पूर्ण पेपर वाचायचा तर पैसे भरा.

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या ग्रुपचा विषय होता शेवग्याच्या बियांची पूड वापरून गढूळ पाणी स्वच्छ करणं. खर्च जवळपास शून्य, कारण शेवगा मित्राच्या शेताच्या बांधावरच होता. पूड किती घालायची आणि पाणी किती वेळ ढवळायचं याचा तक्ता एका पेपरमध्ये आहे, एवढं सारांशावरून कळत होतं. त्या पेपरची किंमत एकतीस डॉलर आणि वर काही सेंट. तेव्हाच्या भावाने दोन हजार रुपयांच्या आसपास. माझ्या मेसचं महिन्याचं बिल तेवढंच यायचं. कॉलेजच्या लायब्ररीत ते जर्नल नव्हतं. लायब्ररीवाल्या सरांना मी विचारलं, तेव्हा असा प्रश्न पहिल्यांदाच आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, हे दोन हजार त्या संशोधकाला मिळत असतील. पुस्तकाच्या लेखकाला रॉयल्टी मिळते तसं. नंतर कळलं की त्याला एक पैसाही मिळत नाही. पेपर तपासणाऱ्यालाही मिळत नाही. मग मिळतात कुणाला? हे शोधत गेलो तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं: रॉबर्ट मॅक्सवेल. (समीकरणंवाला जेम्स क्लर्क मॅक्सवेल वेगळा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.)

हा मॅक्सवेल शास्त्रज्ञ नव्हता. धड शाळाही त्याने पाहिली नव्हती. पण आज तुमच्या मोबाइलवर जो पेवॉल येतो, त्यामागचा धंदा ज्या लोकांनी उभा केला त्यात तो सगळ्यात पुढे होता. आणि त्याची गोष्ट वाचताना त्याचा नुसता राग येत नाही, म्हणून ती सांगावीशी वाटली.

नावं बदलणारा मुलगा

१० जून १९२३ ला स्लातिन्स्के डोली नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. मिठाच्या खाणींचा भाग. गाव तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घरी यिद्दिश बोलणारं, अतिशय गरीब ज्यू कुटुंब, आडनाव होख. शिक्षण म्हणजे थोडी गावातली शाळा आणि काही काळ धार्मिक पाठशाळा. बस, एवढंच.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो घर सोडून बाहेर पडलेला होता. फ्रान्समार्गे १९४० मध्ये तो ब्रिटनला पोचला आणि सैन्यात भरती झाला. वय सतरा. मागे राहिलेल्या घरच्यांचं काय झालं ते त्याला फार उशिरा कळलं. आई, वडील आणि बरीचशी भावंडं नाझींनी मारली होती, त्यातली बहुतेक आउशवित्झच्या छावणीत. दोन बहिणी वाचल्या.

सैन्यात त्याने नावं बदलली. जर्मनांच्या हाती लागलो तर ज्यू नाव जिवावर बेतेल, म्हणून. त्यातलं एक नाव होतं ड्यू मॉरिए, जे त्याने चक्क एका सिगारेटच्या ब्रँडवरून घेतलं होतं. शेवटी इयन रॉबर्ट मॅक्सवेल हे नाव कायम झालं. भाषा मात्र तो भराभर उचलायचा. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, रशियन सगळ्यांत त्याचं काम चालायचं. १९४५ मध्ये लढाईतल्या शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळालं. फ्रेंच मुलीशी लग्न झालं. युद्ध संपलं तेव्हा बाविशीतला हा अधिकारी बर्लिनमध्ये ब्रिटिश प्रशासनाच्या वृत्तपत्र विभागात काम करत होता.

बर्लिनमध्ये पडून असलेलं ज्ञान

इथे थोडं मागचं सांगायला हवं. युद्धाआधी विज्ञानाची मोठी भाषा जर्मन होती. केमिस्ट्री, फिजिक्स शिकायचं तर जर्मन जर्नल्स वाचावी लागायची. आणि त्या जर्नल्सचा मोठा प्रकाशक होता श्प्रिंगर (आपण स्प्रिंगर म्हणतो तीच कंपनी). युद्धानंतर जर्मनी उद्ध्वस्त. छपाईला कागद नाही, परवाने नाहीत, देशाबाहेर माल पाठवायला परवानगी नाही. आणि तिकडे ब्रिटन-अमेरिकेतल्या लायब्रऱ्या युद्धाच्या काळात न मिळालेले अंक मागत होत्या.

मॅक्सवेलच्या हाती सरकारी कचेरीतले सह्या-शिक्के होते आणि तोंडात सगळ्या भाषा. त्याने श्प्रिंगरला कागद, परवाने, वाहतूक मिळवायला मदत केली आणि सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांची जर्नल्स परदेशात विकायचं काम स्वतःकडे घेतलं. या धंद्यात त्याला जे दिसलं ते प्राध्यापकांना कधी दिसलं नव्हतं. लायब्ररी भाव करत नाही. एखाद्या विषयाचं जर्नल मागवलं की ते वर्षानुवर्षं मागवत राहते, आणि पैसे आगाऊ भरते. अंक छापायच्या आधी वर्षाची वर्गणी हातात! असा धंदा दुसरा कुठे आहे?

१९५१ मध्ये बटरवर्थ-श्प्रिंगर नावाची एक छोटी ब्रिटिश-जर्मन कंपनी विकायला निघाली. जर्नल्स मोजकीच. मॅक्सवेलने तिचा तीन चतुर्थांश हिस्सा घेतला. एक चतुर्थांश घेतला पॉल रोसबाऊड नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने. दोघांनी मिळून मोजले १३ हजार पौंड. हा रोसबाऊड म्हणजे वेगळ्या लेखाचा विषय आहे. युद्धात जर्मनीत राहून तो ब्रिटिशांसाठी हेरगिरी करत होता आणि युरोपातल्या बड्या शास्त्रज्ञांशी त्याची वैयक्तिक ओळख होती. कुठल्या विषयात नवीन काय चाललंय, कुठे जर्नल हवंय, हे त्याला कळायचं. पैसा कसा उभा करायचा हे मॅक्सवेलला.

कंपनीचं नाव ठेवलं पर्गमॉन प्रेस. पर्गमॉन हे आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन ग्रीक शहर, तिथल्या मोठ्या ग्रंथालयासाठी प्रसिद्ध. इजिप्तने पपायरसचा पुरवठा बंद केला म्हणून तिथल्या लोकांनी लिहिण्यासाठी कातडं तयार करायला सुरुवात केली अशी दंतकथा आहे. पार्चमेंट हा शब्द त्याच शहराच्या नावावरून आला. थोडक्यात, कुणीतरी ज्ञानाचा पुरवठा रोखला आणि दुसऱ्याने त्यातून वाट काढली, त्या शहराचं नाव. पुढे या कंपनीने काय केलं ते पाहता मला हे नाव जरा विचित्रच वाटतं.

जिनिव्हा, १९५५

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते आपले होमी भाभा. तोवर गुप्त ठेवलेलं बरंच संशोधन तिथे पहिल्यांदा सगळ्यांसमोर मांडलं जात होतं. अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे शास्त्रज्ञ एकाच आवारात. एका नव्या स्वतंत्र देशाचा शास्त्रज्ञ खुर्चीवर. आता विज्ञान सगळ्यांचं होणार, असं वाटायला लावणारं दृश्य होतं ते.

मॅक्सवेलने जवळच एक ऑफिस भाड्याने घेतलं. व्याख्यानं, जेवणं, स्वागत समारंभ, सगळीकडे तो फिरत होता. शास्त्रज्ञ भेटला की त्याचा पेपर छापायची तयारी दाखवायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पर्गमॉनच्या जर्नलचा संपादक होण्याचा करार पुढे करायचा. करारात अट अशी की तो आमच्याकडेच काम करेल. इतर प्रकाशकांना हे असभ्य वाटलं. त्यांच्यात अशी घाई करायची पद्धतच नव्हती.

तोवर पद्धत काय होती? १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने जर्नल सुरू केलं तेव्हापासून हे काम मुख्यतः शास्त्रज्ञांच्या संस्था करत आल्या होत्या. फायदा फारसा नाही, बऱ्याचदा तोटाच. कारभार संथ, पेपर दिला की महिनोन्महिने वाट पाहा. मॅक्सवेलचा हिशेब वेगळा होता. विज्ञानात रोज नवीन शाखा फुटतायत, प्रत्येक शाखेला स्वतःचं जर्नल हवंय, आणि सरकारं युद्धानंतर विज्ञानावर पैसा ओततायत. म्हणजे जर्नल काढलं की गिऱ्हाईक तयारच.

मग तो शास्त्रज्ञ गाठायचा आणि त्याला पटवायचा की तुझ्या विषयाला एक स्वतंत्र जर्नल हवं आणि त्याचा संपादक तूच हवास. जर्नलचं नाव भारदस्त ठेवायचा. मागे इंटरनॅशनल जर्नल ऑफ अमुक-तमुक असं लावायला त्याला फार आवडायचं. शास्त्रज्ञांच्या जेवणावळी, पाहुणचार, यात हात आखडता नाही. विद्यापीठातल्या साध्या पगारावर राहणाऱ्या माणसाला असं कुणी विचारलंच नव्हतं कधी. तो खूश व्हायचा आणि कागदावर सही करायचा.

१९५९ मध्ये पर्गमॉनची ४० जर्नल्स होती. सहा वर्षांत १५० झाली. तुलनेसाठी सांगतो: १९५९ मध्ये एल्सेव्हिअर या डच कंपनीची इंग्रजी जर्नल्स फक्त १० होती. हे नाव लक्षात ठेवा.

रोसबाऊड मात्र १९५६ मध्येच कंपनीतून बाहेर पडला होता. दोघांचं पटलं नाही.

दुधाच्या डेअरीचा हिशेब

या धंद्यात एवढा फायदा का, हे मला पहिल्यांदा समजलं ते डेअरीच्या उदाहरणाने. समजा गावातल्या लोकांनी डेअरीला दूध फुकट घातलं. फॅट तपासायचं कामही गावातल्याच जाणत्या लोकांनी फुकट केलं. डेअरीने ते पिशवीत भरलं, वर आपला शिक्का मारला आणि त्याच गावाला विकलं. भाव डेअरी सांगेल तो. वर अट अशी की एकदा दूध घातलं की त्यावर तुमचा हक्क संपला. शेजाऱ्याला वाटीभर द्यायचं तरी आम्हाला विचारा.

जर्नल असंच चालतं. संशोधनाचा खर्च आणि संशोधकाचा पगार बहुतेक वेळा सरकार किंवा विद्यापीठ देतं, म्हणजे जनतेचा पैसा. पेपर लिहून तो फुकट दिला जातो. दुसरे शास्त्रज्ञ तो फुकट तपासतात, ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. संपादकाला मिळतं ते किरकोळ मानधन. कॉपीराइट प्रकाशकाकडे जातो. मग तोच पेपर त्याच विद्यापीठाची लायब्ररी विकत घेते, पुन्हा जनतेच्या पैशातून.

पण डेअरीत आणि जर्नलमध्ये एक फरक आहे, आणि मॅक्सवेलने खरा ओळखला तो हा फरक. एका डेअरीचं दूध महाग झालं तर दुसऱ्या डेअरीचं घेता येतं. चहा तसाच होतो. पेपरचं तसं नाही. शेवग्याच्या बियांवरचा जो प्रयोग एका पेपरमध्ये आहे तो दुसऱ्यात नाही. एक वाचला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. त्यामुळे बाजारात नवीन जर्नल आलं तरी जुन्याचं गिऱ्हाईक तुटत नाही; लायब्ररीला दोन्ही घ्यावी लागतात. स्पर्धेने भाव उतरतात हा नियम इथे लागूच होत नाही. आणि मॅक्सवेलला हे कळलं होतं म्हणून तो स्वतःच्याच जर्नलला स्पर्धा होईल याची चिंता न करता शेकडो काढत गेला.

शास्त्रज्ञाला भाव कधी दिसायचाच नाही, हाही मोठा भाग. बिल लायब्ररीकडे जायचं. ज्याला हवं तो पैसे देत नाही, जो पैसे देतो त्याला नको म्हणता येत नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. पर्गमॉनची बरीच जर्नल्स चांगली होती. १९५७ मध्ये निघालेलं 'टेट्राहेड्रॉन' घ्या. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या या जर्नलमागे रॉबर्ट रॉबिन्सन आणि आर. बी. वुडवर्ड अशी माणसं होती. रॉबिन्सन नोबेल विजेते होतेच, वुडवर्डना ते पुढे मिळालं. पेपर लवकर छापून यायचे. स्पुटनिक अवकाशात गेल्यावर पश्चिमेकडे एकदम जाग आली की रशियन लोक काय करतायत हे आपल्याला वाचताच येत नाही, तेव्हा रशियन जर्नल्सची इंग्रजी भाषांतरं काढण्यात मॅक्सवेल आघाडीवर होता. शीतयुद्धात दोन्हीकडे पाय ठेवून असलेला हा माणूस, ज्ञान इकडून तिकडे पोचवत होता हे खोटं नाही. फक्त ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यापर्यंत.

राजवाडा आणि बदनामी

साठच्या दशकात तो ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन हिल हॉल या वाड्यात राहायला गेला. वाडा शहराच्या नगरपालिकेचा, भाड्याने घेतलेला. राहणं तिथेच आणि पर्गमॉनचं ऑफिसही तिथेच. रोल्स-रॉइस गाडी आली. १९६४ मध्ये तो खासदार झाला, आणि तेही मजूर पक्षाचा.

१९६९ मध्ये लीस्को नावाच्या अमेरिकन कंपनीने पर्गमॉन विकत घ्यायची तयारी दाखवली. ही कंपनी आयबीएमचे कॉम्प्युटर भाड्याने द्यायची, आणि वैज्ञानिक माहिती कॉम्प्युटरवरून विकायची तिची कल्पना होती. १९६९ मध्ये! पण हिशेब तपासताना पर्गमॉनचे नफ्याचे आकडे फुगवलेले निघाले. मॅक्सवेलच्या घरच्या खासगी कंपन्यांशी व्यवहार दाखवून ते वाढवले होते. सौदा फिसकटला, कंपनी त्याच्या हातून गेली. १९७१ मध्ये सरकारी चौकशी अधिकाऱ्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं की हा माणूस शेअर बाजारातली कंपनी सांभाळायला विश्वासार्ह नाही. दुसरा कुणी असता तर संपला असता. तीन वर्षांत, १९७४ मध्ये, मॅक्सवेलने पर्गमॉन परत मिळवली.

मग त्याला मोठं व्हायचं होतं, वर्तमानपत्रांचा मालक व्हायचं होतं. १९८४ मध्ये त्याने डेली मिररचा समूह घेतला. १९८८ मध्ये अमेरिकेतली मॅकमिलन ही प्रकाशन कंपनी घेतली, २.६ अब्ज डॉलरला. पैसा बँकांचा. हे सगळं उभं होतं ते कर्जावर, आणि कर्जाला आधार होता पर्गमॉनमधून न चुकता येणाऱ्या वर्गणीचा.

त्या वर्गणीचं काय चाललं होतं? १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत जर्नलची सरासरी किंमत दुप्पट झाली. 'ब्रेन रिसर्च' हे जर्नल (पर्गमॉनचं नाही, एल्सेव्हिअरचं) १९८४ मध्ये वर्षाला २,५०० डॉलरला मिळायचं, १९८८ मध्ये ५,००० च्या वर गेलं. लायब्रऱ्यांनी पुस्तकं घेणं कमी केलं, जर्नल्स बंद करायला सुरुवात केली. एका लायब्ररीने बंद केलं की उरलेल्यांवर भाव आणखी चढायचा. श्रीमंत देशांतल्या विद्यापीठांची ही गत होती. डॉलरमध्ये बिल भरणाऱ्या आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजला ते दुकान आधीपासूनच बंद होतं, फक्त त्याची बातमी कधी झाली नाही.

१९९१

हे एक वर्ष नीट बघा.

मार्चमध्ये कर्जात बुडालेल्या मॅक्सवेलने पर्गमॉन विकली. घेणारी कंपनी एल्सेव्हिअर. किंमत ४४ कोटी पौंड. ज्या धंद्याचा हिस्सा त्याने चाळीस वर्षांपूर्वी काही हजार पौंडांत घेतला होता, तो आता ४०० च्या वर जर्नल्सचा झाला होता.

ऑगस्टमध्ये अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एका कॉम्प्युटरवर अशी सोय केली की संशोधकांनी आपले पेपर छापून येण्याआधीच तिथे टाकावेत आणि कुणीही ईमेल पाठवून ते फुकट मागवावेत. तीच आजची अर्काइव्ह. त्याच महिन्यात टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वर्ल्ड वाइड वेब या प्रकल्पाची माहिती इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकली. पेपरची कॉपी काढायचा आणि ती पोचवायचा खर्च शून्याकडे जाणार होता. यातलं काहीही मॅक्सवेलच्या कानावर गेलं असेल असं वाटत नाही. त्याच्या मागे तेव्हा बँका लागल्या होत्या.

५ नोव्हेंबरला कॅनरी बेटांजवळ तो आपल्या बोटीवरून नाहीसा झाला. बोटीचं नाव लेडी गिलेन, धाकट्या मुलीच्या नावावरून. (हो, एपस्टीन प्रकरणात शिक्षा झालेली गिलेन मॅक्सवेल ती हीच.) मृतदेह समुद्रात तरंगताना मिळाला. हृदयविकाराचा झटका आणि अपघाताने बुडून मृत्यू असा निष्कर्ष निघाला. आत्महत्या होती की घातपात, यावर लोक अजून वाद घालतात. जेरुसलेमच्या ऑलिव्ह टेकडीवर त्याचं दफन झालं, इस्रायलचे पंतप्रधान हजर होते.

काही आठवड्यांत बाहेर आलं की कंपन्या तरवण्यासाठी त्याने मिररच्या कामगारांच्या पेन्शन फंडातून पैसे काढले होते. खड्डा ४० कोटी पौंडांहून मोठा होता. छपाईखान्यात, वितरणात आयुष्य घालवलेल्या हजारो माणसांची म्हातारपणाची पुंजी. त्याचं नाव ब्रिटनमध्ये आजही घेतात ते या चोरीसाठी. जर्नल्सच्या धंद्यासाठी त्याला कुणी चोर म्हटलं नाही, कारण त्यात बेकायदा काहीच नव्हतं.

मालक गेला, धंदा राहिला

१९९५ मध्ये फोर्ब्ज मासिकाने भाकीत केलं की इंटरनेटचा पहिला बळी एल्सेव्हिअर ठरेल. वाजवी अंदाज होता. सगळं ऑनलाइन फुकट मिळायला लागल्यावर महागडं जर्नल कोण घेईल? झालं उलटंच. प्रकाशकांनी शेकडो जर्नल्सचा एकच गठ्ठा करून विद्यापीठांना विकायला सुरुवात केली, केबलवाला नको असलेल्या चॅनेलसकट पॅक देतो तसा. पूर्वी लायब्ररीने वर्गणी थांबवली तरी जुने अंक कपाटात राहायचे. आता वर्गणी बंद झाली की बऱ्याचदा जुन्याचंही लॉगिन बंद. २०१० मध्ये एल्सेव्हिअरच्या वैज्ञानिक प्रकाशनाचा नफा उत्पन्नाच्या ३६ टक्के होता. २०१२ मध्ये हार्वर्डने आपल्या प्राध्यापकांना कळवलं की जर्नल्सचं वर्षाचं बिल ३७.५ लाख डॉलरपर्यंत गेलंय आणि हे परवडणारं नाही. हार्वर्डने!

आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स. २०२५ पासून सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्था यांना ती उघडी झाली. नांदेडच्या विद्यापीठातल्या मुलाला आता मुंबईच्या आयआयटीतल्या मुलाइतकीच जर्नल्स मिळू शकतात, ही साधी गोष्ट नाही. पण योजना सरकारी संस्थांपुरती आहे, आणि महाराष्ट्रातली बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजं खासगी, विनाअनुदानित. माझ्यासारख्यांना आजही बटणच दिसणार. आणि त्या ३० प्रकाशकांत एल्सेव्हिअर आहे, म्हणजे 'टेट्राहेड्रॉन'चं बिल आपण अजून भरतोय.

दुसरीकडे ओपन ॲक्सेस वाढलाय, जिथे वाचणाऱ्याला काही पडत नाही. पण बऱ्याच ठिकाणी तोच खर्च आता लिहिणाऱ्याकडून घेतात. 'नेचर'ने २०२१ मध्ये एका पेपरसाठी ९,५०० युरो दर ठेवला, आठ लाखांच्या वर रुपये. वाचायचं कुलूप काढून लिहायला लावलं, असं मी तरी म्हणेन. सायहबबद्दल तुम्ही विचारणारच: त्यावर प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती साइट भारतात ब्लॉक करायचा आदेश दिला. त्यामुळे तो रस्ता मी सांगत नाही.

मोबाइलवरून होण्यासारखं आणि कायद्यात बसणारं असं आहे: गुगल स्कॉलरवर पेपर शोधून त्याखालच्या सगळ्या आवृत्त्या उघडा, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर फुकट प्रत ठेवलेली असते. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर असेल तर अर्काइव्हवर बघा, वैद्यकीय असेल तर पबमेड सेंट्रलवर. भारतीय विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर पूर्ण वाचता येतात, आणि प्रबंधात पेपरपेक्षा जास्त तपशील असतो. यातलं काहीच नाही जमलं तर सारांशाखाली लेखकाचा ईमेल असतो. त्याला लिहा. आपली प्रत वैयक्तिक अभ्यासासाठी द्यायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते.

मी शेवटी तेच केलं होतं. इंग्रजी धड जमत नव्हतं, चार ओळी लिहायला तासभर लागला. दोन दिवसांनी त्या प्राध्यापकांचं उत्तर आलं. पीडीएफ जोडलेली होती, आणि खाली त्यांनी विचारलं होतं की तुमच्याकडचं पाणी नदीचं आहे की विहिरीचं.